रात्री अकरा वाजता कोहा शिकू नका

आलेलं पत्र, थोडक्यात: लिहिणाऱ्या ताई ४६ वर्षांच्या. घणसोलीत राहतात आणि ठाण्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात एकोणीस वर्षं देवघेव व ग्रंथनोंदणीचं काम करतात. शिक्षण बी.ए. आणि ग्रंथपालनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. कामाची वेळ दोन तुकड्यांत, सकाळी ८ ते ११.३० आणि संध्याकाळी ४.३० ते ८. पती महाप्याला पाळीत कामाला, मुलगा दहावीत, सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली. वाचनालयात २२ हजार पुस्तकं आहेत. कार्यकारी मंडळाने दिवाळी पाडव्यापासून सगळी देवघेव 'कोहा' या संगणक प्रणालीवर करायचं ठरवलंय. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, तेही बरंचसं इंग्रजीत. ताई रात्री अकरानंतर मोबाइलवर व्हिडिओ लावतात आणि दहाव्या मिनिटाला त्यांचा डोळा लागतो. मुलाला विचारलं तर तो वैतागतो. मध्यंतरी त्यांनी ६०० नव्या पुस्तकांची यादी प्रणालीत चढवली, तर सगळ्या शीर्षकांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटली. कार्यवाह चारचौघांत बोलले. अर्धवेळ कामाला आलेला तेवीस वर्षांचा मुलगा मात्र सगळं पटापट करतो. त्या विचारतात, 'माझं शिकायचं वय गेलं का? आता बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) करू, की नोकरीच सोडू?'

ताई,

आधी त्या ६०० नोंदींचं बघू. पत्रात सगळ्यात जास्त ओळी तुम्ही त्यावर लिहिल्या आहेत.

त्या नोंदी परत नीट करता येतात. अर्ध्या दिवसाचं काम आहे. तुमची एक्सेलची यादी युनिकोड मराठीत व्यवस्थित टाइप केलेली होती, असं तुम्ही लिहिता. मग चूक झाली ती साठवताना. मार्कएडिट (यादीचं 'मार्क' या ग्रंथनोंदींच्या ठरीव आराखड्यात रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) याला देण्यासाठी फाइल सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेला साधा मजकूर, करताना तुम्ही 'सीएसव्ही, कॉमा डिलिमिटेड' हा साधा प्रकार निवडला असणार. हा जुना प्रकार देवनागरी साठवू शकत नाही, त्यामुळे जे अक्षर त्याला ओळखता येत नाही त्याच्या जागी तो एक प्रश्नचिन्ह लिहून मोकळा होतो. त्याच यादीत 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा पर्याय असतो, तो घ्यायचा होता. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात मराठी वाचनालयाला सगळ्यात आधी सांगायला हवी होती ती ही गोष्ट. ती कुणी सांगितली नाही, हा दोष तुमच्याकडे येत नाही.

इथे एक फरक लक्षात ठेवा. प्रश्नचिन्हं दिसली तर त्या फाइलमधली मूळ अक्षरं गेली, ती फाइल टाकून द्यायची आणि मूळ एक्सेलकडे परत जायचं. प्रश्नचिन्हांऐवजी डोक्यावर टोप्या आणि रेघा असलेली रोमन अक्षरं दिसली, तर मजकूर सहसा शाबूत असतो. फक्त वाचताना चुकीची पद्धत निवडली गेलेली असते. फाइल पुन्हा उघडताना किंवा कोहात चढवताना अक्षरपद्धत यूटीएफ-८ निवडली की मराठी जागेवर येतं.

आता दुरुस्ती. कोहात चढवलेल्या नोंदींचे गठ्ठे 'मॅनेज स्टेज्ड मार्क रेकॉर्ड्स' (नव्या आवृत्तीत 'मॅनेज स्टेज्ड रेकॉर्ड्स') या पानावर तारखेनिशी दिसतात. तुमचा गठ्ठा उघडा, त्यातलं एखादं पुस्तक तोवर सभासदाला दिलं गेलेलं नाही ना ते आधी बघा, आणि 'अनडू इम्पोर्ट' दाबा. सगळा गठ्ठा सूचीतून निघून जातो. मूळ एक्सेल योग्य प्रकारे साठवून पुन्हा मार्कएडिटमधून न्या, आणि या वेळी ६०० नोंदी एकदम चढवू नका. दहा चढवा, आणि त्या दहा मुद्दाम त्रासदायक निवडा: एका शीर्षकात स्वल्पविराम असू द्या, एकात 'ॲ', एकात 'दऱ्या'सारखा शब्द, एक पुस्तक दोन लेखकांचं, एक आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) असलेलं, एक नसलेलं. दहा नोंदी सूचीत शोधून सापडल्या, की मग उरलेल्या ५९०.

एक्सेल आणखी दोन ठिकाणी दगा देतं. दाखल क्रमांक ००१२३ लिहिला की ते पुढची शून्यं खाऊन १२३ करतं, आणि तेरा आकडी आयएसबीएन आखडून ९.७८ नंतर ई अशा रूपात दाखवतं. तसाच सीएसव्हीत गेला तर शेवटचे आकडे कायमचे जातात. टाइप करण्याआधीच ते दोन्ही रकाने 'टेक्स्ट' प्रकारचे करून ठेवा. आकडे भरल्यानंतर प्रकार बदलून गेलेली शून्यं परत येत नाहीत. जुनी यादी कुणी श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर एक सोपी परीक्षा आहे. मजकूर निवडा आणि फॉन्ट 'मंगल' करा. वाचता आला तर युनिकोड आहे. इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर आधी रूपांतर, मग बाकी सगळं.

'दऱ्या' आणि 'ॲ' मी उगाच घेतलेले नाहीत. मराठीतला हा अर्धा ऱ संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो आणि 'ॲ'सुद्धा दोन तऱ्हांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटू शकतात. तुम्ही एका तऱ्हेने नोंद केली आणि सभासदाने दुसऱ्या तऱ्हेने शोधलं, तर पुस्तक कपाटात असूनही 'सापडत नाही' असं उत्तर येतं. म्हणून वाचनालयातल्या प्रत्येक संगणकावर एकच मराठी कीबोर्ड ठेवा, इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक, तुम्हा लोकांना जमेल तो. पण सगळ्यांचा एकच. आणि जो तंत्रज्ञ कोहा बसवून देतोय त्याला एक प्रश्न लेखी विचारा: 'झेब्रामध्ये आयसीयू इंडेक्सिंग सुरू केलंय का?' झेब्रा म्हणजे कोहातला शोध घेणारा भाग, आणि देवनागरीचा शोध नीट चालायला त्यात हे इंडेक्सिंग लागतं. नंतर सुरू केलं तर सगळी सूची पुन्हा इंडेक्स करावी लागते, म्हणून आत्ताच विचारलेलं बरं.

हे सगळं वाचताना तुमच्या ध्यानात आलं असेल की यात वयाचा संबंध कुठेच आला नाही. तेवीस वर्षांच्या मुलाने तीच फाइल साठवली असती, तरी प्रश्नचिन्हंच उमटली असती.

तरी वयाचं तुम्ही विचारलंय, तर एक अगदी साधी गोष्ट तपासा. चष्मा. शेहेचाळिसाव्या वर्षी चाळिशी लागलेली असते. कोहाची अक्षरं बारीक, आणि वाचायचं भिंग चष्म्याच्या खालच्या भागात असल्यामुळे मान वर करून पडदा बघावा लागतो. वीस मिनिटांत डोकं दुखतं आणि आपल्याला वाटतं, डोक्यात शिरत नाही. कंट्रोलचं बटण दाबून अधिकचं चिन्ह दोनदा दाबा, पान मोठं होईल. पडद्याची उंची थोडी कमी करा. आणि मोबाइलवर कोहाचे व्हिडिओ बघणं सोडा. पाच इंची पडद्यावर त्या मार्कच्या चौकटी कुणालाच दिसत नाहीत.

आता तुमच्या पत्रातलं जे गृहीतक मला सगळ्यात जास्त खटकलं, ते. तुम्ही लिहिता, 'घरचं आवरून रात्री शिकायला बसते, पण जमत नाही.' ताई, हे रात्री घरी शिकायचं, असं कुणी ठरवलं? मंडळाच्या ठरावात तसं आहे का? वाचनालयाने नवं कपाट घेतलं असतं, तर ते जुळवायला तुम्ही घरी नेलं नसतं. कामाचं साधन कामाच्या वेळात शिकायचं असतं. दिवसाला दोन वेळा घणसोली-ठाणे जाऊन-येऊन, सासूबाईंचे व्यायाम, मुलाचा डबा, पतीची पाळी सांभाळल्यावर रात्री अकराला डोळा लागणं हे शरीराचं योग्य वागणं आहे. त्याला 'मला जमत नाही' असं नाव देऊ नका.

मागायचं ते नेमकं मागा. आठवड्यातून दोन सकाळी, मंगळवार आणि शुक्रवार म्हणा, ८ ते ९.१५ या वेळात देवघेवीच्या खिडकीवर दुसरं कुणीतरी बसेल आणि तुम्ही आतल्या संगणकावर. सकाळची ही वेळ बहुतेक वाचनालयांत वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांची असते, पुस्तकं बदलणाऱ्यांची गर्दी नंतर येते. त्या सव्वा तासात पंचेचाळीस मिनिटं एकच कृती शिकायची आणि अर्धा तास तीच आपल्या पुस्तकांवर करायची. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात कोहावरची मालिका आहे, धडे छोटे आहेत. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर कोहा. एक पायरी बघायची, थांबवायचं, स्वतः करायची. भाषांच्या यादीत त्या धड्याचा मराठी आवाज आहे का तेही बघा. सरावासाठी खरी प्रणाली वापरू नका. पुरवठादाराकडून सरावाची वेगळी प्रत मागून घ्या. तोवर कोहाच्या संकेतस्थळावर कुणालाही वापरता येतील अशा नमुना प्रती आहेत, तिथे काहीही मोडलं तरी बिघडत नाही. सभासदांची खरी नावं आणि मोबाइल क्रमांक मात्र तिथे भरू नका. सभासदांची यादी व्हॉट्सॲपवरही कुणाला पाठवू नका, मग ते मंडळातले कुणी का असेनात.

आणि सगळा कोहा शिकायचा नाहीये. खरेदी, नियतकालिकं, अहवाल हे विभाग पहिले सहा महिने उघडलेही नाहीत तरी चालेल. देणं, घेणं, मुदत वाढवणं, सभासद नोंदवणं, पुस्तक नोंदवणं. एवढ्या पाच गोष्टी, याच क्रमाने. देणं-घेणं दोन सकाळींत येतं, कारण त्यात सभासद क्रमांक आणि बारकोड यांपलीकडे काही नाही.

वेळ लागतो तो पुस्तकांच्या नोंदींना, आणि तिथे तुम्ही त्या तेवीस वर्षांच्या मुलापेक्षा कितीतरी पुढे आहात. मार्कमध्ये २४५ म्हणजे शीर्षक, १०० म्हणजे लेखक, २५० आवृत्ती, २६० किंवा २६४ प्रकाशन, ३०० पानं, ०८२ वर्गांक, ६५० विषय. हे आकडे चिकटपट्टीवर लिहून पडद्याच्या कडेला लावले की झालं. त्या चौकटींत काय लिहायचं, हे मात्र एकोणीस वर्षांनी येतं. जुन्या पुस्तकावर 'शके १८८०' छापलंय, तर त्यात ७८ मिळवून इसवी सन १९५८ येतं, आणि शकवर्षाच्या अखेरचं असेल तर १९५९, हे त्या मुलाला कोण सांगणार? 'दुसरी आवृत्ती' आणि 'दुसरं पुनर्मुद्रण' यांतला फरक? एकाच लेखिकेची चार पुस्तकं माहेरच्या नावाने आणि सहा सासरच्या नावाने आहेत, त्यांना एका नावाखाली आणायचं आणि दुसऱ्या नावावरून तिकडे वाट दाखवायची, हे? ऐतिहासिक कादंबरी ८९१.४६३ या मराठी कादंबऱ्यांच्या वर्गांकात बसते आणि त्याच माणसाचं चरित्र दुसऱ्या कपाटात जातं, हे? पडदा बदलला तरी तालिकीकरण, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याचं काम, तेच आहे. कोहा हे नाव माओरी भाषेतलं आहे, त्याचा अर्थ भेट. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या सार्वजनिक वाचनालयांसाठी ते १९९९ मध्ये बनवायला घेतलं आणि २००० च्या जानेवारीत वापरात आलं. म्हणजे तुमच्यासारख्याच देवघेवीच्या खिडकीवर बसणाऱ्या माणसांसाठी.

त्या मुलाशी स्पर्धा कशाला? त्याला शेजारी बसवा. तुम्ही पुस्तक हातात घेऊन सांगायचं, त्याने टाइप करायचं; अर्ध्या तासाने जागा बदलायच्या. या पद्धतीत दोघंही शिकतात आणि चुका जागच्या जागी सापडतात. फक्त लॉगिन दोघांचं वेगळं हवं. एकाच नावाने सगळे आत शिरत असतील, तर कुणी काय बदललं हे नोंदींत कळत नाही आणि दोष नेहमी जवळच्या माणसावर जातो. तो अनुभव तुम्ही घेतलाच आहे.

चौकटींची संख्याही कमी करून घ्या. नव्या प्रतीत मार्कच्या शेकडो चौकटी दिसतात आणि घाबरायला होतं. तंत्रज्ञाला सांगून 'फ्रेमवर्क'मध्ये, म्हणजे नोंदीच्या साच्यात, दहा-बारा सोडून बाकी लपवून ठेवा, आणि ०४१ मध्ये भाषेचा संकेत आपोआप येईल असं करून घ्या. मराठीसाठी तो रोमन लिपीतली एम, ए, आर ही तीन अक्षरं. २४६ ही चौकट मात्र लपवू नका. तिथे शीर्षक रोमन लिपीतही लिहून ठेवलं, की मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत शोधणाऱ्या सभासदाला पुस्तक सापडतं.

तयार नोंदी बाहेरून उतरवून घेता येतात, असं प्रशिक्षणात दाखवलं असेल. झेड३९.५० हे त्या सोयीचं नाव. इंग्रजी पुस्तकांना तिचा चांगला उपयोग होतो. मराठीला कमी, कारण जुन्या पुस्तकांवर आयएसबीएन नसतो आणि अमेरिकेतल्या काँग्रेस ग्रंथालयाकडून येणाऱ्या मराठी नोंदी बहुधा रोमन लिपीत, चिन्हांसकट येतात. त्यावर भरवसा ठेवून वेळेचा अंदाज बांधू नका.

वेळेचा हिशेब मंडळासमोर मांडायलाच हवा, तो तुम्हाला करून देते. सवय झाल्यावर एक पूर्ण नोंद पाच मिनिटांत होते असं धरू. तासाला बारा. २२ हजार नोंदींना साधारण १,८३३ तास. रोज एक तास, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे वर्षाला ३०० तास. सहा वर्षं लागतात. हे काम रात्री जागून होणारं नव्हतंच, ताई. वाटेल तेवढी हुशार बाई असती तरी.

म्हणून सगळी पुस्तकं नोंदवायच्या मागे लागू नका. फिरती पुस्तकं नोंदवा. पद्धत अशी: परत आलेलं पुस्तक नोंद झाल्याशिवाय कपाटात जाणार नाही. खिडकीमागे एक मांडणी रिकामी ठेवा, परत आलेली पुस्तकं तिच्यावर. प्रत्येकाची दोन मिनिटांची तुटपुंजी नोंद करा: शीर्षक, लेखक, वर्गांक, दाखल क्रमांक, बारकोड. पूर्ण नोंद नंतर सवडीने. रोज चाळीस पुस्तकं परत येत असतील तर ऐंशी मिनिटं, दोघांत वाटून प्रत्येकी चाळीस. पहिले तीन-चार आठवडे जड जातील. पुढे तीच तीच पुस्तकं फिरून येऊ लागतात आणि नव्या नोंदींचा आकडा आपोआप उतरतो. नव्या खरेदीची पुस्तकं मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण नोंदीनेच. वर्षानुवर्षं न हललेली कपाटं शेवटी घ्या, किंवा ग्रंथपडताळणीच्या वेळी. त्यातली काही पुस्तकं रद्दबातल करायची असतील, तर त्यांच्या नोंदी करण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही.

पाडव्याचा मुहूर्त मला अजिबात पटत नाही. त्याच आठवड्यात दिवाळी अंकांची योजना सुरू होते, खिडकीवर रांग लागते, प्रत्येकाला पहिल्या दिवशी तोच अंक हवा असतो. त्या गर्दीत नवी प्रणाली सुरू केली, तर पहिल्या अर्ध्या तासात वही बाहेर येईल आणि 'संगणक कामाचा नाही' असं सभासदांच्या मनात बसेल. उलट दिवाळी अंक सरावाला उत्तम आहेत. साठ शीर्षकं, प्रत्येकी तीन प्रती धरल्या तर १८० बारकोड, जुन्या नोंदींचं ओझं नाही. नियतकालिकांच्या विभागात न शिरता ते पुस्तकांसारखेच नोंदवा, 'दिवाळी अंक' असा वेगळा प्रकार करून आणि शीर्षकात वर्ष घालून. पहिला पंधरवडा देवघेव वहीतच ठेवा. गर्दी ओसरली की फक्त दिवाळी अंक कोहावरून द्यायला लागा. बाकी पुस्तकं १ जानेवारीपासून. त्याहून पुढे ढकलू नका, कारण फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमच्या घरी दहावीची परीक्षा आणि वाचनालयात आर्थिक वर्षाची अखेर एकदमच येणार आहे.

खिडकीवर दोन गोष्टी हमखास बिघडतील, त्या आधीच सांगून ठेवते. स्कॅनर हा संगणकाच्या दृष्टीने दुसरा कीबोर्डच असतो. भाषा मराठीवर राहिली असेल, तर बारकोड वाचूनही भलतीच अक्षरं किंवा देवनागरी आकडे उमटतात आणि 'असं पुस्तक नाही' असा संदेश येतो. स्कॅनर बिघडलेला नसतो. खालच्या कोपऱ्यातली भाषा इंग्रजी करा. शंका आली की नोटपॅड उघडून त्यात एक बारकोड वाचून बघा, आत काय येतंय ते लगेच दिसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे वीज किंवा इंटरनेट जाणं. खिडकीवर चार रकान्यांची एक वही कायम ठेवा: वेळ, सभासद क्रमांक, दाखल क्रमांक, दिलं की घेतलं. नंतर कोहात भरताना ओळी त्याच क्रमाने भरायच्या, नाहीतर सकाळी परत आलेलं आणि दुपारी दुसऱ्याला दिलेलं पुस्तक उलटं नोंदलं जातं. घेताना परतीची खरी तारीख निवडायची सोय आहे, ती वापरा. न वापरल्यास आजचीच तारीख पडते आणि वेळेवर पुस्तक आणून दिलेल्या सभासदाच्या नावावर विलंब शुल्क चढतं. मग त्याचं समाधान करण्यात संध्याकाळ जाते.

घराबद्दल. मुलाकडून कोहा शिकायचा प्रयत्न थांबवा. त्याला ते येत नाही, आणि दहावीच्या वर्षात आईला शिकवण्याएवढा धीर बहुतेक मुलांकडे नसतो. तो वैतागतो त्यावरून तुमच्या बुद्धीबद्दल निष्कर्ष काढू नका. त्याच्याकडून एकच काम घ्या: घरच्या संगणकावर मराठी कीबोर्ड बसवून देणं. टाइपिंगचा हात बसवायला रोज दहा मिनिटं पुरतात, ती दुपारी घ्या, घरी असता तेव्हा. एवढाच गृहपाठ.

पतींबद्दल तुम्ही लिहिलंय, 'त्यांच्या पाळ्यांमुळे त्यांना काही सांगता येत नाही.' पाळी म्हणजे घरी असण्याची वेळ बदलती, नसतेच असं नाही. त्यांची सकाळची पाळी असते त्या आठवड्यात ते संध्याकाळी घरी असतात. तेव्हा सासूबाईंचे व्यायाम आणि रात्रीच्या गोळ्या त्यांच्याकडे द्या, दुसऱ्या आठवड्यात दुपारचं काहीतरी. 'मदत करा' असं मोघम सांगितलं तर काय करायचं ते समोरच्याला कळत नाही. पाळीचं वेळापत्रक समोर ठेवून, वार आणि काम नेमून सांगा. सासूबाईंनाही विचारून बघा. आपल्याच मुलाने व्यायाम करून घेतलेले त्यांना कदाचित आवडतीलच. आणि लोकलमधला वेळ कशालाही देऊ नका. जागा मिळाली तर डोळे मिटून बसा.

बी.लिब.चं थोडक्यात. पदवीधर असल्यामुळे तुम्हाला ते करता येईल, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूमधून नोकरी सांभाळूनही. पण ते पदासाठी आणि पुढच्या संधीसाठी करा. जानेवारीत खिडकीवर बसण्यासाठी त्याचा उपयोग नाही. मुलाची परीक्षा झाल्यावर, पुढच्या प्रवेशाच्या वेळी विचार करा; तोवर कोहाचा हात बसलेला असेल आणि अभ्यासक्रमातला संगणकाचा भाग सोपा जाईल. नोकरी सोडायचं कारण मला तुमच्या पत्रात कुठे सापडलं नाही. एका माणसाचं चारचौघांतलं बोलणं आहे, आणि ते दुखलंय, हे खरं. पण १८८० शकाचं पुस्तक हातात घेतल्यावर काय लिहायचं हे माहीत असलेलं माणूस त्या वाचनालयाला सहज मिळणार नाही.

कार्यवाहांशी तोंडी वाद घालू नका, अर्ज द्या. त्यात इतकंच लिहा: ६०० नोंदींची चूक कशामुळे झाली आणि ती अमुक तारखेला दुरुस्त केली, मंगळवार-शुक्रवार सकाळी ८ ते ९.१५ सराव आणि नोंदणीसाठी मोकळी वेळ हवी. देवघेव १ जानेवारीपासून सुरू करावी, तोवर दिवाळी अंकांवर सराव होईल. पुरवठादाराने सरावाची प्रत, प्रत्येकाला वेगळं लॉगिन, आयसीयू इंडेक्सिंग आणि रोजच्या बॅकअपची एक प्रत वाचनालयाच्या ताब्यात, या चार गोष्टी लेखी द्याव्यात. सोबत वरचा १,८३३ तासांचा हिशेब जोडा. आधी दुरुस्ती करा आणि मग अर्ज द्या, म्हणजे पहिल्या ओळीतली तारीख खरी असेल. अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर पोच म्हणून सही आणि आवक क्रमांक घ्या, आणि ती प्रत घरी ठेवा.